शेवटच्या दारापाशी अडलेलं लग्न

तंजावरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या गृहस्थांनी आपल्या सख्ख्या नातीचं लग्न एका जपानी कार्टूनसाठी अडवून धरलं होतं. इकडे महाराष्ट्रात हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडेच जरा संशयाने बघतो. पण अक्षरशः तसंच घडलं. मुलगा ठरला होता, मुलीने स्वतः पसंत केला होता, त्याची जर्मनीला परत जायची वेळ जवळ येत चालली होती, आणि घरातला सगळ्यात वडील माणूस होकाराचा शब्द द्यायला तयार नव्हता. कारण विचारलं तर म्हणायचे, "तीं पोरें अजून पाण्याखाली अडकली अहेत. तोंवर या घरांत शुभकार्य कसे काढायचे?"

पोरं म्हणजे कार्टूनमधली.

आळीतले तमिळ लोक त्यांना रायर म्हणत. तिथे मराठी घरातल्या कुठल्याही कर्त्या माणसाला रायरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. मराठा राजांच्या पदरी त्यांचे पूर्वज कावेरीकाठी गेले आणि तिथलेच झाले. रायरांचं स्वतःचं आयुष्य कालव्यांच्या खात्यात गेलं. कावेरीच्या फाट्यांवर पाणी अडवायची लोखंडी दारं असतात, त्यांची देखरेख त्यांच्याकडे होती. रिटायर होऊन जमाना झाला तरी रस्त्याने जाताना कालवा लागला की ते स्कूटर थांबवायला लावत, उतरत, दाराचं चाक हलवून बघत आणि तोंड वाकडं करून परत बसत. स्कूटर चालवणाऱ्याने घाई आहे असं म्हणायचं नसतं, हे मी पहिल्याच खेपेला शिकले.

मी नाशिकची, तिथल्या एका कॉलेजात शिकवायला गेलेली. आपलं मराठी म्हणजे अस्सल, असा माझा समज होता. वरच्या मजल्याची किल्ली देताना रायर शांतपणे म्हणाले, "तुमचे मराठी बरे अहे, बाई. थोडे नवीन अहे, इतकेंच."

त्यांना कुठल्याही गोष्टीचे गुणदोष सांगायची खोड होती. खोड म्हणजे काय, ते व्रतच होतं. आधी गुण, मग दोष. गुण न सांगता दोष सांगणं असभ्य, आणि दोष न सांगता नुसता गुण सांगणं खोटेपणा, असं त्यांचं मत होतं. पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने पोहे करून खाली पाठवले. डबा परत करायला ते स्वतः वर आले. "कोथिंबीर ताजी अहे, हा गुण," म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास बाकीच्या पोह्यांवर बोलले. त्यांचं एक ऑपरेशन झालं होतं, कमरेखालचा भाग बधिर करून. डॉक्टर दुसऱ्या दिवशी विचारायला आले, कसं वाटतंय. "टाके सरळ अहेत, हा गुण. दोष असा की तुम्ही कापतां कापतां गुणगुणत होतां, आणि सुरांत नव्हतां." डॉक्टरांनी म्हणे नंतर त्यांची फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे दिली.

त्यांच्या पत्नीच्या तेराव्याला जमलेल्या लोकांपुढेही त्यांनी गुण सांगितले. हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. बराच वेळ सांगितले आणि थांबले. माणसं दोषाची वाट बघत बसली, कारण रायर दोष सांगितल्याशिवाय थांबत नसत. शेवटी कुणीतरी धीर करून विचारलं. "न विचारतां गेली," म्हणाले आणि उठून आत गेले. सूनबाई हे सांगताना भाजी निवडत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

पण या खोडीचा खरा प्रसाद मिळायचा तो कथेकऱ्यांना. तंजावरकडे हरिकथा अजून चालतात. कथेकऱ्याला तिकडे भागवतर म्हणतात. कथा तमिळमध्ये, पण मध्ये मध्ये साकी आणि दिंडी ही पदं अस्सल मराठी. म्हणणाऱ्याला बहुधा मराठी येत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू समाधानी असतात. त्यात हे एकटे मराठी कळणारे, पहिल्या रांगेत, मांडी ठोकून बसलेले. कथा संपली, आरती फिरली की रायर उभे राहायचे आणि सर्वांसमक्ष आधी गुण, मग दोष. तिरुवैयारुचे एक भागवतर होते, चांगले नावाजलेले. ते तंजावरची सुपारी घेताना पहिला प्रश्न विचारायचे, रायर गावात आहेत का. एकदा आहेत असं कळल्यावर त्यांनी ऐनवेळी घसा बसल्याचं कारण सांगितलं. रायर त्यांच्यासाठी सुंठीचा काढा घेऊन तिरुवैयारुला गेले आणि काढा पिता पिता त्यांना मागच्या वर्षीच्या कथेचे दोष ऐकवून आले.

रायरांचे वडील स्वतः भागवतर होते. मोठे होते म्हणतात. रायरांनी मात्र कधी चिपळी हातात धरली नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही केली कथा. तेव्हा म्हणाले, "ऐकायलाही कोण्ही तरी पाहिजे कीं." हे उत्तर त्यांनी इतकं पटकन दिलं की ते पूर्वीपासून तयार असावं. दुसऱ्याचे दोष सांगणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती कसली असते, हे सांगायला पंडित नको.

वडिलांकडून त्यांनी एक नियम मात्र जसाच्या तसा घेतला होता. कथेतलं माणूस संकटात असताना कथा सोडून उठायचं नाही. सीता अशोकवनात आहे, द्रौपदी सभेत आहे आणि तुम्ही भात जेवायला घरी चाललात, असं चालत नाही. कथा मंगळापर्यंत, म्हणजे शेवटच्या मंगलपदापर्यंत न्यायची, ते म्हणायचं, मगच उठायचं. आणि काही कारणाने अडलीच, तर ती पुरी होईपर्यंत घरात शुभकार्याला हात लावायचा नाही. एकदा वडिलांची कथा वादळाने मध्येच बंद पडली, हनुमान नुकता लंकेत पोचला होता. दुसऱ्या दिवशी घरात लग्न. वडिलांनी वऱ्हाडाला बसवून ठेवलं, कथा पुढे चालवली, सीता सुखरूप अयोध्येला आणली आणि मगच मंगळसूत्र बांधू दिलं. मुहूर्त टळला, दुसरा शोधावा लागला. तो ताटकळलेला नवरामुलगा म्हणजे खुद्द रायर. इतकं होऊनही त्यांना त्या नियमात दोष दिसला नव्हता.

या नियमापायी ते टीव्हीवरच्या मालिका बघत नसत. "मंगळ नाहीं अशी कथा," म्हणून ते त्यांना हात जोडत. सिनेमाला गेले आणि नायक खड्ड्यात पडलेला असताना मध्यंतर झालं, तर सगळे कॉफीला जायचे आणि रायर काळ्या पडद्याकडे बघत एकटेच बसून राहायचे.

असा सावध माणूस कार्टूनच्या तावडीत सापडला कसा, तर मेट्टूर धरणामुळे. नात जानकी चेन्नईला नोकरी करायची. स्थळाचं बोलणं चाललेलं म्हणून लॅपटॉप घेऊन घरी येऊन राहिली होती. रविवारी जेवणं झाल्यावर ती ते कार्टून लावून बसली. कार्टून म्हटलं की ती चिडायची, ॲनिमे म्हणा म्हणायची. रायर मेट्टूरमधून पाणी कधी सोडणार ही बातमी बघायला आले. समोर पडद्यावर एक प्रचंड लोखंडी दार पाण्यात उतरत होतं. शटर दिसलं की रायर थांबणारच. ते टेकले. शटर खाली आलं, एक मुलगा पलीकडे अडकला आणि भाग संपला. झालं. नियमाने त्यांना उठता येईना. पुढचा भाग संपला तेव्हा आणखी तिघं अडकली होती. संध्याकाळचा दिवा लागला तरी ते हलले नव्हते, आणि मेट्टूरमधून पाणी सुटल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं.

गोष्ट अशी. जपानातली मुलंमाणसं डोक्याला एक टोपी लावून झोपतात आणि खेळात शिरतात. खेळ म्हणजे पाण्याखालचं शहर. शिरल्यावर कळतं की टोपी करणाऱ्याने बाहेरची वाट बंद केलीय. एकामागून एक दारं आहेत, प्रत्येक दारावर राक्षस. सगळी दारं उघडली तर सुटका. आत मेलात तर बाहेरही मेलात.

रायरांना जपानी नावं म्हणता येत नसत, म्हणून नायकाला ते चिरंजीव म्हणत, नायिकेला कन्या, आणि टोपीवाल्याला तो शहाणा. हळूहळू घरात सगळेच तसं म्हणायला लागले. मलाही महाराष्ट्राची बाजू म्हणून खाली बोलावणं यायचं. सूनबाई कॉफी आणायच्या, जानकी रिमोट धरायची आणि प्रत्येक भागानंतर दरबार भरायचा.

"गुण सांगतों," रायर सुरू करायचे. "एक, संगीत. मरणाच्या वेळी हा माणूस वाद्ये वाजवीत नाहीं, थांबवतो. आमच्या भागवतरांना कोण्ही सांगा. दोन, मंगलाचरण लांबवले नाहीं, पहिल्याच भागांत कुलूप लावले. तीन, ती म्हातारी."

म्हातारी हे त्या कथेतलं एक छोटंसं पात्र होतं. बाहेरच्या जगात तिचे पाय गेलेले, खाटेवर पडून असायची. खेळात ती चालू शकत होती. बाकीचे सुटकेसाठी धडपडत आणि ही आपली त्या पाण्याखालच्या शहराच्या गल्ल्यांतून फिरायची, बाजारात जायची, जिने चढायची. तिला बाहेर यायची घाईच नव्हती. ती पडद्यावर आली की रायर चष्मा पुसायचे.

"आतां दोष," म्हणून ते सरसावून बसायचे. "इतकीं माणसें महिनोन् महिने झोपली अहेत. त्यांस जेवण कोण देते?"

"हॉस्पिटलमध्ये सलाइन असतं, अज्जा," जानकी तमिळमध्ये म्हणायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची वेळ आली की ती तमिळच्या आडोशाला जायची.

"दाखवले कां? नाहीं. आई दाखवली कां एकाची तरी? नाहीं. दोन, हा चिरंजीव. पहिल्या चार लढायांत घाबरत होता, तेव्हां मलाही भीति होती. आतां सगळे मरतात आणि याच्या केसांस धक्का नाहीं. याला मरण नाहीं म्हणून सर्वांस कळले, मग आम्ही इथे कशास जीव मुठींत धरून बसायचे? तीन, ही कन्या. सुरुवातीला राक्षसाला एकटी भिडली. चिरंजीव आला आणि हिच्या हातांतली तलवार जड झाली. आतां प्रत्येक दारापाशी हात पुढे करून त्याला हाक मारते. आणि चार, तो शहाणा. माणसें मारायची सोडून व्याख्यान देतो."

"तुमच्यासारखा," जानकी म्हणायची.

"मी व्याख्यान देऊन झाल्यावर सोडतों. आणि सर्वांत मोठा दोष, तें शटर. चाकाला दात नाहींत. वंगण नाहीं. पाण्यांत लोखंड इतकी वर्षें, गंजाचा ठिपका नाहीं."

"अज्जा, फँटसी आहे ती."

"फँटसी म्हणून ग्रीस लावायचे नाहीं?"

या वादात रायर खुलायचे. दोषांवर उलटून बोलणारी त्या घरात जानकी एकटीच होती. रायरांचा मुलगा, म्हणजे जानकीचे वडील, सरकारी कचेरीतून यायचा, जेवायचा आणि वर्तमानपत्राच्या मागे जायचा. सूनबाई हसून सोडून द्यायच्या. जानकी मात्र लहानपणापासून मुद्द्याला मुद्दा लावत आलेली. ती जर्मनीला गेली की हे घर त्यांच्या प्रत्येक मताला मान डोलावणार होतं, आणि त्यांना त्याची धास्ती वाटत होती. मला तर ते स्वच्छ दिसत होतं. बहुतेक आळीतल्या सगळ्यांनाच दिसत असावं.

मग कार्टून संपलं. संपलं म्हणजे पहिला सीझन संपला. शेवटचं दार अर्धं खाली आलेलं, चिरंजीव अलीकडे, कन्या पलीकडे, पाणी गळ्यापर्यंत चढलेलं, आणि नावांची पाटी. रायर पाटी संपेपर्यंत थांबले. "पुढचा लाव," म्हणाले.

"पुढचा नाही," जानकी म्हणाली. "दुसरा सीझन अजून जाहीर झालेला नाही. येईल किंवा नाही येणार."

त्याच आठवड्यात मुलाकडची माणसं ओरत्तनाडूहून आली. तीही मूळची मराठीच, मुलाचे वडील तहसील कचेरीतून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. निश्चितार्थ कधी ठरवायचा, म्हणजे आपला साखरपुडा, एवढंच विचारायला आले होते. तेव्हा रायरांनी आपला तो नियम त्यांच्यापुढे मांडला. पाहुण्यांनी आधी नम्रपणे ऐकून घेतलं, मग एकमेकांकडे पाहिलं. तांबूल घेऊन उठताना मुलाचे वडील सूनबाईंना बाजूला बोलावून म्हणाले की मोठ्यांचा मान आहेच, पण मुलगा जायच्या आत काही ठरलं नाही, तर त्यांना दुसरीकडे बघावं लागेल. ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते खरं करतील असं सगळ्यांना वाटलं.

पुढे जे उपाय झाले ते एखाद्या हट्टी तापावर करावेत तसे एकेक करून झाले. जानकीच्या वडिलांनी रायरांना समजावलं, म्हणजे वर्तमानपत्र बाजूला ठेवून एक वाक्य बोलले. शास्त्रीबुवांना आणलं. त्यांनी निर्वाळा दिला की टीव्हीवरची कथा ही शास्त्राने कथा नव्हे, तिला मंगळाची गरज नाही. रायरांनी त्यांना विचारलं, "म्हातारी मला रडवते. तें रडणे शास्त्राने रडणे अहे कीं नाहीं?" शास्त्रीबुवा हुशार, त्यांनी दुसरीकडे पूजा असल्याचं सांगून काढता पाय घेतला. जानकीने जपानच्या त्या कंपनीला ईमेल केलं, माझं लग्न अडलं आहे, कृपया कळवा. तिकडून तत्काळ उत्तर आलं, आमच्या मालिकेवर केलेल्या प्रेमाबद्दल आभार. मी सुचवलं की ही गोष्ट मुळात पुस्तकातली आहे, पुस्तकाचा शेवट जानकीने वाचलाय, तो सांगून टाकावा. रायरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तो निकाल झाला, बाई. कथा नाहीं."

जानकी त्यांच्याशी बोलायची बंद झाली. जेवायला ती स्वयंपाकघरात बसायची, ते बाहेर. टीव्ही बंद. दरबार बंद. मला खाली बोलावणं यायचं थांबलं आणि त्या घरात पहिल्यांदा मला करमेना.

शेवटी कोंडी फोडली सूनबाईंनी, सकाळची कॉफी ठेवता ठेवता. मी भाड्याच्या निमित्ताने खाली गेले होते म्हणून ऐकलं. त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "मामंजी, भागवतरांच्या घरांत कथा अडली म्हणून जपानाकडे काय बघायचे? तुम्हीच न्या कीं मंगळापर्यंत."

रायरांनी कॉफी हातात घेतली. कॉफीचे गुणदोष त्या दिवशी सांगितले नाहीत. घराबाहेर बसायचा ओटा असतो, तिकडे त्याला तिण्णै म्हणतात, तिथे त्यांची संध्याकाळची बैठक ठरलेली. पुढचे काही दिवस तो ओटा रिकामा होता. आतून अधूनमधून चिपळ्यांचा आवाज यायचा आणि कुणी जिन्यावरून गेलं की बंद व्हायचा. मग एका सकाळी ते बाहेर आले आणि सुनेला म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी. ओरत्तनाडूच्या मंडळींस बोलाव."

शुक्रवारी मधल्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या गावच्या रायरांनी आयुष्यभर सगळ्यांना जे सांगितलं ते आज त्यांना स्वतःला करून दाखवायचं आहे, हे कळल्यावर कोण घरी बसेल? बाहेरगावचेही काही आले होते. आणि पहिल्या रांगेत, मांडी ठोकून, उपरणं नीट घेऊन, तिरुवैयारुचे भागवतर. त्यांचा घसा त्या दिवशी उत्तम होता.

रायर चिपळ्या घेऊन उभे राहिले. मंगलाचरण झालं, आवाज फाटला, भागवतरांची भुवई उडाली. पण पहिल्या साकीनंतर काय झालं कोण जाणे, तो माणूस आमच्यासमोरून निघून गेला आणि कुणी दुसराच तिथे उभा राहिला. शहाण्याची टोपी त्यांनी अशी वर्णन केली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या डोक्यावरचा पदर चाचपला. आणि जे जे दोष त्यांनी दरबारात सांगितले होते, ते सगळे त्यांनी मोडून काढले. झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या उशाशी त्यांनी एकेक आई बसवली, ती वाटीतून तांदळाची पेज चमच्याने भरवत होती. चिरंजीवाला दोनदा जखमी केलं. कन्येच्या हातात तलवार परत दिली आणि शेवटचा राक्षस तिच्याकडून मारवला. शहाण्याला व्याख्यानाचा अर्धा शब्दही बोलू दिला नाही. आणि शटरच्या चाकाला दात बसवले, वंगण घातलं, गंज दाखवला. कालव्यांच्या खात्यातले दोन जुने लोक मागे बसले होते, त्यांनी मोठ्याने दाद दिली. मी हसत होते, माझ्या शेजारची बाई रडत होती.

मग शेवटचं दार आलं. दार जुनं, वर उचललं तरी आपोआप राहत नव्हतं. कुणीतरी चाक धरून उभं राहिल्याशिवाय बाकीच्यांना जाता येत नव्हतं. गर्दीतून म्हातारी पुढे आली. "मी धरतें," म्हणाली. "मला इथे पाय अहेत. बाहेर कशास येऊं?" एकेक करून सगळे गेले. कन्या सगळ्यात शेवटी. ती वळून बघणार तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "मागे बघूं नको. चाक जड अहे." रायरांनी दिंडी घेतली, ती अगदी खालच्या सुरात. त्यात दार खाली आलं. बाहेर सगळे जागे झाले, आयांच्या हातातल्या वाट्या पडल्या, आणि रायरांनी मंगळ म्हटलं. मंगळ म्हणताना ते जानकीकडे बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत हे सगळं दालन बघत होतं.

आरती फिरली. भागवतर उभे राहायला हात टेकत होते, इतक्या वर्षांचं देणं फेडायला. त्यांच्या आधी जानकी उठली.

"गुण सांगतें," ती म्हणाली. मराठीत. सूनबाईंचा हात आरतीच्या ताटावर तसाच राहिला. "सर्वांस जेवण दिलेत, हा गुण. कन्येला तलवार दिलीत. दिंडी तुमच्या बाबांसारखी म्हणालांत, असे ज्यांनी त्यांस ऐकले ते इथे म्हणत होते."

ती थांबली. शब्द शोधत होती. तमिळ तिच्या जिभेवर आलेलं दिसत होतं, पण तिने ते घेतलं नाही.

"दोष एकच अहे, अज्जा. म्हातारीस आंत ठेवायचे कारण नव्हते. चाकाला दात बसवलेत ना तुम्ही, मग दातांत खीळ घालून दार वर ठेवतां आले असते. तिला कोण्ही विचारलेंही नाहीं, येतेस कां म्हणून. तिने आपला हट्ट केला, आणि तुम्ही त्याला त्याग म्हणून गायलांत."

भागवतर हळूच परत खाली बसले. त्यांच्याकडे जे काही होतं ते याच्यापुढे किरकोळ होतं, हे त्यांना कळलं असावं.

रायर चिपळ्या हातात धरून उभे होते. मंगळ म्हणून झालं होतं, आता त्यांच्याच नियमाने कथेत काही बदलता येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता उलट मुद्दा येणार. आला नाही. त्यांनी चिपळ्या सुनेच्या हातात दिल्या, उपरण्याने तोंड पुसलं आणि ओरत्तनाडूच्या त्या शांत गृहस्थांकडे वळले.

"मुहूर्त काढा," म्हणाले. "मुलगी गुणी अहे. पण ती दोष सांगते. ऐकून घ्यायची सवय करा. मला आज झाली."